आजऱ्याकडची सुपारी

वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी पहिल्यांदा म्हातारी झाले आणि पुढची वीसेक वर्षं म्हातारीच राहिले. आमचे मालक उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होते. त्यांच्या कामगारांच्या नाटकात सासूचं काम करणारी बाई ऐनवेळी आजारी पडली, तेव्हा ते घरी येऊन म्हणाले, "तुझा आवाज तीन गल्ल्यांत ऐकू जातोय, मग शेवटच्या खुर्चीपतोर जायाला काय धाड भरलीया? चल." मी चिडले, भांडले आणि गेले. केसाला पांढरी पावडर फासली, कमरेतनं वाकले आणि सुनेवर पहिल्यांदा ओरडले तेव्हा पुढं बसलेल्या एका बाईनं मला मोठ्यानं शिवी हासडली. सासू वठली म्हणजे शिवी पडायचीच. मला तेव्हाच कळलं की हे काम आपल्याला येतंय.

नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. हिरॉईन व्हायचं माझ्या मनात कधी आलंच नाही. रंगानं काळी, अंगानं थोराड आणि आवाज असा. आई, सासू, आत्या, शेजारची खाष्ट म्हातारी, एवढीच माझी कामं. पण त्या कामांना मरण नव्हतं. आमच्या भागात जत्रेला गावातलीच माणसं नाटक बसवतात. डेअरीचा सेक्रेटरी, वायरमन, मास्तर, दोन-चार शेतकरी. दोन महिने शाळेत तालीम चालते. बायकांच्या कामाला गावातली बाई कोण पाठवणार? मग कोल्हापूर-सांगलीकडनं दोन बायका ठरवायच्या, एक हिरॉईन आणि एक म्हातारी. आम्हाला तीस-तीस नाटकं पाठ. दुपारी गावात उतरायचं, एकदा त्यांच्याबरोबर सगळं नाटक पळवत म्हणून घ्यायचं, की रात्री पडदा वर.

गंमत अशी की, दोन महिने बायकोचं वाक्य मिशीवाल्या सेक्रेटरीच्या तोंडनं ऐकलेला गडी खरी बाई समोर आली की गार पडायचा. पाठांतर धुऊन जायचं. मग त्याचं वाक्य आम्हीच प्रश्नासारखं करून त्याच्या तोंडात घालायचं. "म्हणजे तू तिला घराबाहेर काढणार नाहीस, असंच म्हणायचंय ना तुला?" की तो "हो हो" म्हणून पुढं सरकायचा. असे किती नवरे आणि किती मुलगे मी खांद्यावर घेऊन पैलतीराला नेलेत, मोजदाद नाही.

हे ठरवणं म्हणजे सुपारी. आणि सुपारी घेतली की घेतली. घरात ताप असो, भांडण असो, बाई जाणार. कारण तुम्ही मोडलीत तर दोन महिने खपलेल्या अख्ख्या गावाचं नाटक मोडतं, आणि ती बातमी तुमच्या आधी पुढच्या गावाला पोचते. त्यानंतर त्या बाईला कुणी विचारत नाही. मी एकही सुपारी मोडली नाही, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

याची किंमत माझ्या लेकीनं दिली, असं तिचं म्हणणं. शाळेत तिला "म्हातारीची पोर" म्हणून चिडवायचे. गल्लीतल्या बायका तोंडावर "काय मग, कुठं दौरा?" विचारायच्या आणि पाठ फिरली की "नाटकवाली" म्हणायच्या. आठवीपासनं तिनं मैत्रिणींना घरी आणणंच बंद केलं. पुढं डी.एड. झाली, हुशार निघाली, आणि आजऱ्याकडचं एक स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात शिक्षक, घरी शेती, घरामागं काजू फोडायचा छोटा कारखाना. मुलगा आईवडलांबरोबर बघायला आला. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले तर मुलाची आई मला विचारते, "नुसतं फॉल-बिडिंग करतासा का ब्लाऊज बी शिवतासा?"

मी बशी हातात धरून उभीच. लेकीकडं बघितलं तर लेक फरशीकडं बघतेय. मालक एकदम खोकायला लागले.

"सगळंच शिवतो," मी म्हटलं. त्यानंतर अर्धा तास माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाही, इतका राग आलेला.

पाहुणे गेल्यावर मी भांडी आपटली. "घरात मशीन न्हाय, सुई धरली की बोटात जाती माझ्या, आन् म्हणं शिवणकाम! सोळा वर्षं ज्या कामावर तुझी फी भरली, त्याची लाज वाटती व्हय गं तुला?" लेक रडायला लागली. "आई, मध्यस्थानं विचारलं आन् मी बोलून गेलो. आता सांगितलं तर मोडंल. एवढं चांगलं घर हाय. लगीन होईस्तोवर गप्प बस, तुझ्या पाया पडतो." आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय? चार दिवसांनी होकार आला आणि मी शब्द दिला की लग्न होईपर्यंत नवी सुपारी घेणार नाही.

पण एक आधीच घेतलेली होती, तीही नेमकी आजऱ्याकडचीच. मी चौकशी केली. सासरचं गाव तालुक्याच्या या टोकाला, जत्रेचं गाव त्या टोकाला, मध्ये डोंगर. लेकीला सांगितलं, ही शेवटची. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माघ महिना होता. मी आणि माझी जोडीदारीण, म्हणजे हिरॉईन, दुपारी एकच्या सुमाराला गावात उतरलो. ठरवलेली म्हातारी म्हातारीच दिसावी म्हणून मी नेहमीसारखी केसाला पावडर फासून, जाड चष्मा लावून, पदर कपाळापर्यंत ओढून आलेले. ती तिशीतली, मनानं सोन्यासारखी, पण तोंडाला कुलूप नाही. कमिटीच्या अध्यक्षांच्या घरी आमचा उतारा होता. अध्यक्ष आम्हाला दारात सोडून मंडप बघायला गेले. त्यांच्या सुनेनं हसतमुखानं पाय धुवायला पाणी दिलं, ताटं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी आणि घनसाळ तांदळाचा वास घरभर. पहिला घास घेऊन मी सहज वर बघितलं. भिंतीवर त्या सुनेच्या लग्नाचा फोटो होता. नवरानवरीच्या मागं एक पोरगा फेटा बांधून उभा होता. तो माझा होणारा जावई.

मी पदर आणखी पुढं ओढला.

"ह्यो कोण ओ?" जोडीदारणीनंच विचारलं. तिला असल्या फोटोंची भारी हौस.

"माझा भाऊ की. त्याचं बी लगीन ठरलंय आता. कोल्हापूरची पोरगी हाय, डी.एड. झालीया."

"अगं बया! आमच्या बाईंच्या पोरीचं बी…"

माझ्या हाताला जे लागलं ते मी लोटलं. आमटीची वाटी तिच्या मांडीवर. ती किंचाळून उठली, सून फडकं आणायला धावली, आणि तेवढ्यात मी जोडीदारणीच्या दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलं असणार. "पोरीचं काय ठरलंय म्हणालासा?" सून फडकं घेऊन परत आली. "मुलीचं शिक्षण ठरवायचं आहे अजून," मी म्हटलं. ते वाक्य मी स्टेजवरच्या बोलीत म्हटलं, पुण्याकडच्यासारखं शुद्ध. आमच्याकडं बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतात. त्या क्षणापासनं मी त्या घरात "येते, जाते" करायला लागले.

सुनेनं मला त्याआधी कधी बघितलं नव्हतं, कारण बघण्याच्या कार्यक्रमाला ती आलीच नव्हती. तेवढ्यावर मी जरा श्वास घेतला. तर ती काय म्हणते, "बाई, तुमास्नी एक सांगू का? राग मानू नकासा. संध्याकाळच्या गाडीनं माझी आई येणार हाय जत्रेला. तिला नाटक-बिटक, नाटकवाल्या बायका, असलं काय सोसत न्हाय बघा. टीव्हीवर लागलं तरी उठून जाती. तुमी हितं उतरल्याचं बघून ती काय म्हणंल कुणास ठाव. तवा जरा आतल्या खोलीतच बसा."

त्या बाईनं पंधरा दिवसांपूर्वी माझ्यासमोर अर्धा तास बसून पोहे खाल्ले होते. तिनं मला ओळखलं की संपलं. नाटकवाली ती नाटकवाली, वर खोटारडी. लेकीचं लग्न मोडणार, तेही माझ्यामुळं, तेही ज्या सुपारीला तिनं नको म्हटलं होतं तिच्यामुळं. पळून जावं म्हटलं तर बाहेर मंडपाला झालर लागत होती आणि लाऊडस्पीकरवर दर दहा मिनिटांनी "कोल्हापूरच्या सुप्रसिद्ध स्त्री-कलाकार" ओरडत होते. नशीब, आमची नावं घ्यायची नाहीत एवढं मी आधीच बजावलं होतं.

आतल्या खोलीत जाऊन मी पेटी उघडली.

"आत्तापासनं?" जोडीदारीण डोळे वटारून म्हणाली. "चार बी वाजलं न्हाईत. विगाचा गोंद सुकंल, रात्रीपतोर डोसकं खाजवून मरशीला."

"मरू दे," मी म्हटलं आणि तिला सगळं सांगितलं. ती "आत्ता गं बया" म्हणून खालीच बसली.

मी इतका रंग आयुष्यात चढवला नव्हता. एरवी लांबच्या लोकांना दिसायला म्हणून रेघा जाड मारतो. पण ही बाई हातभरावर येणार होती. म्हणून बारीक ब्रशनं एकेक सुरकुती ओढली, वर पावडर मारून बोटानं विझवली. भुवया पांढऱ्या केल्या. पुढचे दोन दात काळे केले. गालावर चामखीळ चिकटवली. विग बसवून त्यावर नऊवारीचा पदर घट्ट ओढला. हाताचे पंजे राहिले होते, तेही रंगवले, कारण पोह्यांची बशी मी त्याच हातांनी दिली होती. शाळेत तालमीला तशीच गेले. माझ्या मुलाचं काम करणारा वायरमन दचकला आणि वाकून पायाच पडला. "आजी, संभाळून घ्या," म्हणाला. त्याला काय माहीत, कुणाला कोण संभाळणार होतं ते.

दिवेलागणीला घरी परतलो तेव्हा लोडशेडिंग सुरू झालेलं. सोप्यात कंदील होता आणि कंदिलाशेजारी माझी होणारी विहीण पाय पसरून बसलेली. आतल्या खोलीला वाट तिच्यासमोरनंच. मी वाकून, पाय ओढत निघाले.

"ये म्हातारे, बस की जरा. कुठं पळतीस?"

बसावं लागलं. कंदिलाकडं पाठ करून बसले. तिनं मला वरनं खालपर्यंत न्याहाळलं. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा, शब्द माझ्यापेक्षा आडवे.

"ह्या वयात त्वांडाला रंग लावून गावोगाव फिरतीस? घरात कोण न्हाय व्हय गं तुझ्या?"

"आहेत ना. यजमान आहेत. एक मुलगी आहे."

"पोरीला तरी बरं वाटतंय व्हय, आई अशी रानोमाळ फिरल्यालं?"

"नाही वाटत," मी म्हटलं. ते मात्र खरं बोलले.

मग तिनंच सुपारी कातरत विषय काढला. "माझ्या पोराचं ठरलंय. पोरगी लाख मोलाची हाय. पण तिची आई मला काय पटली न्हाय बघ. पोहं दिलं आन् बसली त्वांड फुगवून. धड हसंना, धड बोलंना. कोल्हापूरच्या म्हंजे आपुन कोण लागून गेलो, असा तोरा. मालक म्हणत्यात, पोरगी बघ, आई बघून काय करायचं. पर मी म्हणतो, आई तशी लेक. अजून साखरपुडा व्हायचाय. बघू."

बघू! एका बाजूला वाटत होतं, विग उपटून हिच्या पुढ्यात टाकावा आणि विचारावं, माझ्या पोरीत काय खोट काढलीस गं बाई? दुसऱ्या बाजूला चामखीळ सुटतेय की काय म्हणून गालाला हात लावायचा धीर होत नव्हता. गोंदाखाली डोकं असं खाजत होतं की डोळ्याला पाणी आलं. ते तिला दिसलं असावं. "रडतीस कशाला?" ती म्हणाली. तेवढ्यात जोडीदारणीनं आतनं हाक मारली, "आजी, साडीला पीन लावायची हाय!" मी उठले.

मी ठरवलं की आज काम दबकतच करायचं. आवाज बारीक ठेवायचा, तोंड आडवं ठेवायचं, वेळ काढायची. नाटक साधंच होतं. सासू गरोदर सुनेला घराबाहेर काढते आणि शेवटी तिच्याच दारात जाऊन उभी राहते. पहिला अंक मी असा केला की मलाच शरम वाटली. पडद्याच्या फटीतनं बघितलं तर बायकांच्या घोळक्यात अगदी पुढं विहीणबाई. तिच्या लेकीच्या म्हणण्याप्रमाणं जिला नाटक सोसत नव्हतं, ती मांडी घालून बसलेली. मला वाटलं, संशय आलाय. बघायलाच आलीय.

दुसऱ्या अंकात वायरमन अडकला. सुनेला बाहेर काढायचा प्रसंग, त्यानं मला अडवायचं, आणि हा गडी नुसता आ वासून उभा. प्रॉम्प्टर आतनं ओरडतोय, ह्याला ऐकू येईना. मागनं शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी "वायर तुटली रं!" म्हणून ओरडला, सगळा मंडप हसायला लागला. त्या पोराचा चेहरा मी अजून विसरले नाही. दोन महिने राबलेला, बायको-पोरं समोर बसलेली, आणि गाव हसतंय. आता बारीक आवाज काय कामाचा? मी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि माझा खरा आवाज सोडला. "अडवणार मला? आईला अडवणार? बायकोसाठी आईचा हात धरणार तू?" मंडप चिडीचूप. त्याला वाक्य सापडलं. पुढची वीस मिनिटं मी विहीण विसरले, लग्न विसरले, गोंद विसरले. शेवटच्या प्रवेशात सुनेच्या दारात उभी राहून "मला आत घेशील का गं?" म्हटलं तेव्हा स्वतःचीच लेक डोळ्यासमोर आली, आणि मी जे रडले ते नाटकातलं नव्हतं. समोर विहीणबाईनं पदर तोंडात कोंबलेला दिसला. हसतेय की ओळखून धक्का बसलाय, काही कळेना.

पडदा पडल्या पडल्या मी पिशवी उचलली. तोंड धुतलं नाही, नारळ घ्यायला थांबले नाही. जोडीदारणीला ओढत परतीसाठी ठरलेल्या जीपपाशी आणलं. तोच मागनं हाक आली. "ओ आजी! आजी, थांबा की! ओ म्हातारे!" तोच आवाज. वळून बघितलं तर विहीणबाई माणसांतनं वाट काढत, हात वर करून, आमच्याकडंच पळत येतेय.

"सोड गाडी," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"पर त्या बाई…"

"गाडी सोड म्हणतो न्हवं!"

सकाळी घरी पोचले तेव्हा लेकीनं दार उघडलं. अर्धी चामखीळ, अर्धा विग, असा माझा अवतार. मी एका दमात सगळं सांगितलं. ती उभ्या उभ्या पांढरी पडली. "वळखलंय त्यांनी तुला," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन झोपली. पुढचे आठ दिवस आम्ही दोघी फोनच्या घंटीला दचकत होतो. नवव्या दिवशी आला. साखरपुड्याची तारीख आणि बस्त्याचा दिवस कळवायला. मला विश्वासच बसेना.

बस्ता शाहूपुरीतल्या एका दुकानात होता. गादीवर साड्यांचा ढीग, मी, लेक, विहीणबाई आणि त्यांची ती लेक, जिनं मला पोळी वाढली होती. मी आता पावडर-चष्म्याशिवाय, माझ्या तोंडानं, माझ्या काळ्या केसांनी तिच्यासमोर बसले होते. ती हसून म्हणाली, "तुमास्नी पयल्यांदाच बघतोय की मावशी." मी मान डोलावली. शक्य तितकं कमी बोलायचं असं ठरवूनच आलेले. घरंदाज शिवणकामवाली बाई असते तशी, ताठ.

शालू ठरला. चहा आला. मग विहीणबाईनं पिशवीतनं कागदात गुंडाळलेला एक खण काढला, हिरवा, काठाचा.

"इहीणबाई, एक काम करशीला? लेकीच्या गावात जत्रंला नाटक झालं. त्यात एक म्हातारी व्हती. काय काम केलं हो तिनं! माझ्या उभ्या जन्मात मी असं रडलो न्हवतो. पडदा पडल्यावर म्हटलं, तिची ओटी भरावी, तर म्हातारी गाडीत बसून भुर्र. मी मागनं पळत सुटलो, पर गावली न्हाय. कोल्हापूरचीच हाय म्हणत्यात, पर पत्ता कमिटीला बी ठाव न्हाय. तुमी हितं ऱ्हातासा. कुणाकुणाला इचारून एवढा खण तिला पोचवा की."

तिनं खण माझ्यापुढं धरला. मला वाटलं, ही परीक्षा घेतेय. हिला सगळं कळलंय, आता मी काय म्हणते ते बघतेय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी हात मागं घेतला आणि स्टेजवर सासूला आणते तो सगळा ठसका आवाजात आणून म्हटलं, "आम्ही असल्या बायकांच्या वळखी ठेवत न्हाय."

विहीणबाईचा हात तसाच राहिला.

"असल्या म्हंजे कसल्या हो?"

मी चहाचा कप उचलला.

"माझी सख्खी मावशी फडात नाचायची, इहीणबाई. तिच्या पायातल्या चाळावर माझी आई जगली, मी जगलो. मरताना तिच्याजवळ कोण बी न्हवतं. तवापासनं स्टेज बघितलं की मला भडभडून येतंय, म्हणून मी उठून जातो. त्या दिवशी तेवढं बसलो, त्या म्हातारीपायी. माझ्यासमोर पुन्हा असल्या बायका म्हणू नकासा."

त्यांची लेक आ करून आईकडं बघत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. दुकानदारानं घडी घालायची थांबवली. माझ्या कानशिलात आग पेटली. आता सांगता आलं असतं. आता सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि लेकीकडं बघितलं. ती शालूचा काठ मुठीत धरून बसली होती. तिनं मान हलवली. अगदी हळू, नाही म्हणून.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"व्हय. चुकलंच," विहीणबाई म्हणाल्या आणि खण कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

लग्न झालं, चांगलं झालं. लेक सुखात आहे, तिला दोन मुलं आहेत. विहीणबाई तिला स्वतःच्या लेकीपेक्षा जपतात, त्यात खोटं नाही. माझ्याशी मात्र पानसुपारीपुरतं बोलतात. मी पुढं चार-पाच वर्षं कामं केली, आजरा तालुका तेवढा सोडून. लेकीला दोनदा म्हटलं, आता तरी सांगूया. ती म्हणते, आता कुठल्या तोंडानं सांगायचं? पहिल्यांदा मला राग यायचा, नंतर तोही येईनासा झाला.

दर माघात त्या गावच्या जत्रेला सगळ्या पाहुण्यांना आवतण जातं. आम्हाला एकदाही आलं नाही. एका वर्षी मालकांनी न राहवून जावयालाच विचारलं. तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "मामा, आईच नको म्हणती. तितं घरात नाटकवाल्या बायका उतरत्यात, मामींना ते चालायचं न्हाय म्हणती."